मिठाला न उघडणारं दार

वैजू, तू जाऊन अजून महिना व्हायचाय. सकाळी गजर व्हायच्या आधी मला जाग येते. तोंड धुतो आणि तुझी कॉट असायची तिथं जाऊन उभा राहतो. उजवा पंजा आपोआप खोलगट झालेला असतो, नळाचं पाणी प्यायला धरावा तसा. कॉट सारिकानं भिंतीला उभी करून ठेवलीय. तरी मी तिथं थोडा वेळ थांबतो. मग चहा होतो, मी गाडी काढतो आणि पहिल्या पाळीला कंपनीत जातो. मशीनवर हात चालतात, माप बरोबर येतं. कुपवाडच्या त्या आवाजात कुणी फार बोलत नाही, तेवढं बरं आहे. जेवणाच्या सुट्टीत कुणी विचारतं, "कसं हाय?" मी म्हणतो, "हाय."

एवढंच चाललंय. आई रडते. अण्णा गावाकडं बांधावर जाऊन बसतात आणि अंधार पडायच्या आत परत येतात. मला काही होत नाही. भूक लागते, झोप लागते. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि गालाला हात लावला तरी तो आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाला झालंय.

भेटायला आलेले विचारतात, पोरीला नेमकं झालं काय होतं? दमा? टीबी? मी एकाला फुफ्फुसं म्हणतो, दुसऱ्याला जन्माचं दुखणं म्हणतो. तू असतीस तर त्या माणसाला खाली बसवलं असतंस आणि चहा गार होईपर्यंत समजावलं असतंस.

तू शाळेत जायच्या आधीचं मला आठवतं ते कोकरांचं. अण्णांनी तेव्हा मेंढरं विकली नव्हती. कवठे महांकाळच्या बाजूचं आपलं ते माळरान, आणि तू दिसलीस की कोकरं धावत यायची. तुझी मान चाटायची, कानामागं चाटायची, हाताची बोटं तोंडात धरायची. तू खिदळायचीस. आम्हाला वाटायचं, जनावरांना तुझा लळा आहे. आई कौतुकानं सगळ्यांना सांगायची. तू आमच्या दुप्पट खायचीस आणि काडीसारखी राहायचीस. बारा महिने खोकायचीस. आई म्हणायची, उष्णता आहे.

मग तो उन्हाळा. खेळता खेळता तू बाभळीखाली बसलीस आणि बसल्या जागी कलंडलीस. डोळे पांढरे. अण्णांनी तुला उचलली आणि जीप थांबवून सांगलीला नेली. मी मागच्या सीटवर तुझे पाय धरून होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावली, आणि तू जरा डोळे उघडल्यावर आईला विचारलं, "हिचा मुका घेतला की खारट लागतं का?"

आई लाजली. "लागतंय की. घामाची पोर हाय."

अण्णा म्हणाले, "आवं बाई, कोकरं चाटत्यात हिला. आमच्या ह्या पोराला न्हाई चाटत. हिलाच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढच्या आठवड्यात आपण पुण्याला, घामाच्या तपासणीला.

सिस्टिक फायब्रोसिस हे नाव आईला कधी म्हणता आलं नाही. ती मिठाचा आजार म्हणायची. पुण्याचा निकाल बघून बाईंनी नाव सांगितलं आणि लगेच विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं?" अण्णा म्हणाले, "माझ्या मामाची पोरगी हाय ही." तेव्हा त्यांनी सांगितलं, एकेक दोष दोघांकडं आहे, एकेकटा असला की त्याचा काही त्रास नाही, पण हिच्यात दोन्ही एकत्र आले. त्या दिवशी परतीच्या एसटीत तू दोघांच्या मधे झोपली होतीस. आई एका खिडकीतून बघत होती, अण्णा दुसऱ्या बाजूला. मला वाटतं ते दोघं त्यावर आजपर्यंत एकमेकांशी बोललेले नाहीत.

त्यानंतर आपलं घर तुझ्या छातीभोवती फिरायला लागलं. जेवताना पचनाची कॅप्सूल, कारण पोटातला पाचक रस नळीतच अडायचा. उन्हाळ्यात जास्तीचं मीठ. मिठाच्या पाण्याची वाफ, आणि वाफेनंतर पंजा खोलगट करून पाठ थापटणं, म्हणजे आत चिकटलेला कफ सुटेल. सुरुवातीला आई थापटायची. माझा हात मोठा झाल्यावर ते माझं काम झालं. तू पालथी पडून माझ्या थापांच्या तालावर पाढे म्हणायचीस, आवाज थरथरायचा आणि आपण दोघं हसायचो.

साताऱ्याला कॉलेजला जायचं तू काढलंस तेव्हा अण्णा नको म्हणाले. तू म्हणालीस, "घरात बसून खोकण्यापरीस तितं शिकत खोकती." झालं. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला तू थापटायला शिकवलंस. रविवारी मी सुट्टी असली की यायचो, आणि एसटी स्टँडजवळच्या त्या हॉटेलात आपण मिसळ खायचो. तू कॅप्सूल आधी गिळायचीस, मग तर्री मागायचीस.

तिथंच तू मला विचारलंस, "दादा, पेशीला भिंत असती का?"

"असंलच की. त्याबिगर आतलं आत कसं ऱ्हाईल?"

"झाडाच्या पेशीला असती. आपल्याला न्हाई. आपल्याला नुसतं पटल." तू चमच्यानं रश्श्यावरची तर्री हलवलीस. "हे बघ. असं तेलाचं असतं. पण दोन पदरी. त्यातल्या एकेका कणाला पाणी आवडणारं एक डोकं, आणि पाण्याला भिणाऱ्या दोन शेपट्या. बाहेरबी पाणी, आतबी पाणी. मग डोकी दोन्हीकडं पाण्यात, आणि शेपट्या मधी लपून. कुणी बांधायला लागत न्हाई. पाण्यात पडलं की आपलं आपण तसं उभं ऱ्हातं."

"अन् हलतं?"

"सारखं. एका जागी काहीच थांबत न्हाई."

"मग ह्या तेलातनं आतबाहेर जायचं कसं?"

तू खूश झालीस. मी प्रश्न विचारला की तुझा चेहरा बदलायचा. तू सांगितलंस, हवा सरळ जाते, तिला कुणी अडवत नाही. मीठ जात नाही. पाण्यात मिठाचे विजेचा भार असलेले कण होतात, ते पाण्याला धरून बसतात, तेलात शिरत नाहीत. त्यांना दार लागतं. त्या तेलात प्रथिनांची दारं तरंगत असतात, प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं. काही दारातून जिकडं कमी आहे तिकडं आपोआप घरंगळत जायचं. काही पंप असतात, ते ताकद खर्चून चढाला ढकलतात, अण्णांच्या बोअरवरच्या मोटरीसारखे. आणि पाणी मिठाच्या मागं मागं जातं. पुस्तकात ह्या पटलाला निवडक्षम पारपटल म्हणतात, हे सांगताना तुला हसू आवरेना. "नाव ऐकूनच कुणी आत जायाचं न्हाई," म्हणालीस.

मग तू चमचा ठेवून आपल्या छातीवर बोट ठेवलंस. "माझ्यात मिठाचं एक दार न्हाई. फुफ्फुसात त्या दारानं मीठ बाहेर यायला पायजे, म्हंजे त्याच्या मागनं पाणी येतंय आणि कफ पातळ ऱ्हातोय. येतच न्हाई. म्हणून डिंक झालाय सगळा. वाफ घेती ती त्याच्यासाठीच. आतनं येत न्हाई तर वरनं मीठ शिंपडायचं, त्याच्या ओढीनं पाणी येतं. आणि कातडीत उलटं. घामातलं मीठ त्या दारानं परत आत घ्यायचं असतं. ते बाहेरच ऱ्हातं."

"म्हणून कोकरं."

"म्हणून कोकरं," तू म्हणालीस, आणि हसता हसता खोकला लागला. शेजारच्या टेबलावरची माणसं ताटं घेऊन लांब जाऊन बसली. तुला सवय होती. मला झाली नाही.

मी विचारलं, दार नाही म्हणजे बनतच नाही का? तू म्हणालीस, बनतं. प्रथिनाच्या साखळीतला एक मणी कमी पडतो आणि घडी जरा वाकडी बसते. "आणि आमच्या पेशीतला इन्स्पेक्शनवाला लय कडक हाय. वाकडं दिसलं की भंगारात. पटलापतुर येऊच देत न्हाई."

"बरोबर हाय की. मापात न्हाई तो जॉब रिजेक्ट. आमच्याकडंबी तसंच."

"पण दादा, ते तसंच नेऊन बसवलं असतं ना, तर उघडलं असतं. पुरं न्हाई. पण उघडलं असतं."

"वाकडा जॉब फुडं सोडला की मशीन जातंय."

"आणि सोडलाच न्हाई तर कोण जातं?"

हे भांडण आपण किती वर्षं ओढलं. बाहेरच्या देशात ते औषध निघालं, वाकड्या दाराला धरून पटलापर्यंत नेणारं, तेव्हा तू मला कंपनीत फोन केलास. "बघ! मी म्हणत होते का न्हाई!" एवढंच ओरडलीस आणि ठेवलास. ते औषध आपल्यापर्यंत आलं नाही. पण भांडण तू जिंकली होतीस, आणि मी तसं कबूल करायचं टाळत राहिलो, कारण मला तुझा तो पुढचा फोन हवा असायचा.

सारिकाचं आणि माझं ठरत होतं तेव्हा तू एम.एस्सी.ला होतीस. सारिका म्हणजे आपल्या मामाचीच मुलगी. लहानपणापासून सगळे धरूनच चाललेले. बोलणी करायला आपण जतकडं मामाच्या घरी गेलो. चहा झाला, सुपारी फुटायच्या बेतात होती आणि तू म्हणालीस, "मामा, आधी दोघांचं रक्त तपासू या."

मामाचा चेहरा उतरला. "आमच्या पोरीच्या रक्तात काय हुडकताय? तुमचं काय असंल ते तुमच्या घरात."

"मामा, तुमच्या घरातनंच आमची आई आली," तू म्हणालीस.

आई उठून आत गेली. अण्णा जमिनीकडं बघत बसले. मला तुझा इतका राग आला होता की तुझ्याकडं बघवेना. तेव्हा सारिका स्वयंपाकघराच्या दारात आली. "माझं रक्त हाय. मी देती."

दोघांच्यात दोष निघाला. चारातल्या एका मुलात तुझा आजार येऊ शकतो, डॉक्टर म्हणाले. मामानं मोडायचं म्हटलं. मी तुझ्याशी बोलणं सोडलं. तूच एकदा माझ्यासमोर येऊन बसलीस. "मी लग्न करू नका म्हटलं न्हाई, दादा. म्हाईत असू द्या म्हटलं." आणि सारिकानं तिच्या घरी सांगितलं, "मला म्हाईत झालं. आता करू द्या." लग्न झालं. मंगलाष्टकांच्या मधेच तुला खोकला लागला, म्हणणारे थांबले, सगळा मांडव तुझ्याकडं बघायला लागला. तू हातानं इशारा केलास, चालू द्या.

पुढं तू आष्ट्याच्या कॉलेजात शिकवायला लागलीस. ती नोकरी तुला किती आवडायची ते तू सांगितलंस, पण तिथं काय करायचीस ते मला तू गेल्यावर कळलं. दहाव्याला दोन मुली आल्या होत्या, तुझ्या अकरावीतल्या. त्या आईसमोर बसल्या. मग एकीनं सांगितलं. मॅडमनी वर्गातल्या सगळ्यांना दोन रांगांत उभं केलं, पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेर. म्हणाल्या, हे पटल. सारखे जागा बदलत राहा, पण पाठ सोडायची नाही. मग एकीला मीठ केलं आणि म्हणाल्या, जा आत. ती ढकलून दमली, कुणी आत सोडेना. मग मॅडम स्वतः रांगेत शिरल्या, हात पसरून वाट केली आणि तिला आत घेतलं. म्हणाल्या, हे दार. मग त्या रांगेतून बाहेर आल्या, रांग मिटली, आणि म्हणाल्या, "माझ्यात हे नाहीये. म्हणून मी खोकते. घाबरू नका, हे दुसऱ्याला लागत नाही."

ती मुलगी म्हणाली, "त्यानंतर मॅडम खोकल्या की कुणी वळून बघायचं नाही."

आईला त्यातलं किती कळलं माहीत नाही. तिनं दोघींच्या हातावर लाडू ठेवले. मी त्या मुलींना नाक्यापर्यंत सोडून आलो. आभार मानायचे राहिले.

आष्ट्याची नोकरी सुटली आणि तू कुपवाडला आमच्या खोलीत राहायला आलीस, मिरजेचा दवाखाना जवळ म्हणून. नाकात नळी आली. या वर्षी सारिकाला दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, वारेचा बारीकसा तुकडा काढून तपासता येतं, बाळाला आजार आहे का ते कळतं. असला तर ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. तू तेव्हा दवाखान्यातच होतीस. मी तुझ्याकडं आलो.

"वैजू, तपासणी करायची का?"

"करा की. मीच तर म्हणत होते."

"अन् तुझ्यासारखं निघालं तर?"

तू खिडकीकडं बघितलंस. "दादा, हे सोडून काहीबी इचार."

"तुझ्याबिगर कुणाला विचारू मी?"

"त्यातलीच हाय म्हणून मला इचारू नको. ठेव म्हटलं तरी वाईट, नको म्हटलं तरी वाईट." तू दम घेतलास. मग म्हणालीस, "आई-अण्णांना तवा कळलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं, सांग."

मी तुझी उशी सारखी करत राहिलो.

"बघ," म्हणालीस आणि कुशीवर वळलीस. मी थापटायला लागलो. थापटताना बोलायचं नसतं, तसा आपला नियमच होता. मी खूप वेळ थापटत राहिलो.

मी औषध आणायला खाली गेलो तेव्हा तू सारिकाला काहीतरी सांगितलंस. तिनं मला ते नंतर सांगितलं. "वैनी, ठेवायचं ठरवलंसा तर दादाला सगळं येतंय. न ठेवायचं ठरवलंसा तर मला वाईट वाटंल. पण राग येणार न्हाई."

सारिकानं तुकडा काढून दिला. निकालाला वेळ लागणार होता. त्या मधल्या दिवसांत तुझ्या छातीतल्या जंतूवर कुठलंच औषध चालेना. त्या दुपारी मी डबा घेऊन आलो. तू मास्क जरा बाजूला करून विचारलंस, "काय हाय?" मी म्हटलं, भेंडी. "मग ऱ्हाऊ दे," म्हणालीस. मला वाटलं झोपलीस. सिस्टर धावत आल्या, पडदा ओढला, मला बाहेर थांबवलं. डबा माझ्या हातातच होता. संध्याकाळी घरी येऊन मी तो घासून पालथा घातला.

तुझं वर्षाचं, महिन्याचं सगळं अण्णा बघतायत. मी सांगतो ते वेगळंच. मागच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. आई-अण्णा इथंच होते. सारिकानं फोन स्पीकरवर टाकला आणि जमिनीवर बसली. डॉक्टर म्हणाले, "बाळाला आजार नाही. एक दोष आलाय, तुम्हा दोघांसारखाच. त्याचा त्रास काही होणार नाही. निर्धास्त राहा."

"सुटलो गं बया!" आई मोठ्यानं म्हणाली. तिनं हात जोडले. तुला नेल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. अण्णा उठून उभे राहिले, काही सुचेना म्हणून परत बसले.

मग ते शब्द आईच्याच कानात शिरले. जोडलेले हात तसेच राहिले. तिनं आमच्यातल्या कुणाकडं बघितलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि काही न धुता तशीच उभी राहिली. सारिका पोटावर हात ठेवून बसून होती. मी चप्पल घालून जिन्यात आलो.

खाली रस्त्यावर पाळी सुटली होती. गाड्यांचा लोंढा चालला होता. माझ्या ओळखीचा एकजण हात करून गेला, मी पण केला. छातीत काहीतरी हललं, मला ते कळलं. इतके दिवस काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं.

आई आता ते बोलणं कधी काढणार नाही. अण्णा तर नाहीच. सारिका म्हणते, वैजूला कळलं असतं तर ती खूश झाली असती. झाली असतीस, मला माहीत आहे. मिठाई आणायला लावली असतीस आणि सगळ्यांच्या आधी तूच खाल्ली असतीस. आणि मग संध्याकाळी, सगळे गेल्यावर, तू माझ्याकडं बघितलं असतंस. त्या बघण्याला मी काय सांगितलं असतं, तेच आता सांगतोय.

बाळ तुझ्यासारखं नाही, वैजू. मला आनंद झाला. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतोय.